घरातले फोटो-व्हिडिओ कुठे साठवता? नॅस, हार्ड डिस्क की क्लाउड?

कडीपत्ता

नमस्कार मंडळी.

प्रश्न घरगुती आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय. घरात आम्ही तिघं (मी, बायको आणि नववीतली लेक) पुण्याला, आई-बाबा साताऱ्याला. २००४ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. तेव्हापासूनचे फोटो नक्की कुठे कुठे आहेत हे आता मलाच धड सांगता येत नाही. दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, मरायला टेकलेला एक लॅपटॉप, 'गणपती २००९' वगैरे मार्करने लिहिलेल्या डीव्हीडींची चळत, आणि उरलेलं सगळं गूगल फोटोजमध्ये. गूगलचे १०० जीबी भरत आलेत, त्यामुळे रोज 'जागा संपत आली'चा निरोप. सगळं मिळून अडीच टीबीच्या आसपास जाईल, त्यात डुप्लिकेट किती ते देवालाच ठाऊक. लेकीच्या नाचाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओच दोनशे जीबी आहेत.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो नॅस घे (म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा खोका). दुसरा म्हणतो नॅस म्हणजे पांढरा हत्ती, गूगलला पैसे भर आणि मोकळा हो. बजेट ४० हजारांपर्यंत. मी बँकेत नोकरीला आहे, संगणकातलं ज्ञान बेताचं. आई-बाबांना फोटो टीव्हीवर बघता आले पाहिजेत, ही घरातून आलेली अट.

ता. क. एका डिस्कमधून हल्ली टक टक असा आवाज येतो. चालते मात्र.

रात्रपाळी

बाकीचं नंतर. ती टक टक करणारी डिस्क आत्ताच्या आत्ता काढून ठेवा. आतली वाचणारी सुई तबकडीवर जागा शोधतेय आणि तिला ती सापडत नाहीये, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. अशा डिस्कवर 'चेक अँड रिपेअर' अजिबात चालवू नका, ते तिला आणखी पळवतं. त्यातलं दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे ते आधी कागदावर लिहा. मग नवी डिस्क आणून एका बैठकीत आधी तेवढंच उतरवा, बाकीचं नंतर. दिसेनाशीच झाली तर घरी खटपट न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

नॅसबद्दल सविस्तर रात्री लिहितो, ड्यूटीवर आहे.

चकटफू

एवढा खर्च कशाला? नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे फोटो टाका. पन्नास फोनांत पन्नास बॅकअप, तेही फुकट.

खोपा

@चकटफू, आणि परत मागितल्यावर काय येतं तेही सांगा की. व्हॉट्सॲप फोटो आवळून धाडतं, कधी काढला ती तारीखही आतून पुसली जाते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ फाईल हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं लागतं, आणि आमच्या आत्याला ते सांगण्यापेक्षा मी बस पकडून तिच्या घरी जाते.

तिसरा मजला

नॅस घ्या, डोळे झाकून घ्या. दोन डिस्कचं साधं मॉडेल, त्यात चार-चार टीबीच्या नॅससाठीच्या डिस्क, एकीची दुसरीवर आपोआप नक्कल. घरातले सगळे फोन वायफायवर आले की फोटो आपसूक उतरतात. बायकोला काही करावं लागत नाही, मला काही करावं लागत नाही. टीव्हीवर थेट दिसतं. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीचं फोटो ॲप गूगलच्या जवळपास जातं, चेहरे ओळखतं.

आता थोडा हिशेब. खोका अठरा-वीस हजार, डिस्क प्रत्येकी दहा-बारा. बजेटच्या थोडं वर जाईल. वीज म्हणाल तर २० वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला साडेचौदा युनिट. तेवढ्याला पांढरा हत्ती म्हणणाऱ्याने खरा हत्ती बघितलेला नाही.

डिस्क घेताना एक बघा, एसएमआर की सीएमआर. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि जगभर बोंब झाली. सीएमआरमध्ये माहितीच्या रेघा सुट्या असतात, एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे नॅसमध्ये नवी डिस्क भरून घ्यायला वेळ लागतो तो लागतोच.

बे एरियातला बंड्या

इतकी उठाठेव करायला वेळ कुणाला आहे? मी सगळं आयक्लाउडला आणि गूगलला, दोन्हीकडे टाकतो. फोन टॅक्सीत राहिला, नवा घेतला, संध्याकाळी सगळे फोटो परत. गूगलचा दोन टीबीचा प्लॅन भारतात वर्षाला साडेसहा हजारांच्या घरात आहे. सहा वर्षांत नॅस वसूल होईल म्हणाल, पण सहा वर्षांत त्यातल्या डिस्क बदलाव्या लागतीलच.

चकटफू

साडेसहा हजार दर वर्षी, जन्मभर. याला बॅकअप नाही, भाडं म्हणतात.

काडीबहाद्दर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता नॅसवाले विरुद्ध क्लाउडवाले, रात्री बारापर्यंत शंभरी नक्की.

माझं मत : एसएसडी घ्या आणि कपाटात टाका. आत फिरणारं काही नाही, मग बिघडणार काय?

रात्रपाळी

@काडीबहाद्दर, कपाटात टाकून विसरायचं असेल तर एसएसडी हा सगळ्यात वाईट पर्याय. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात धरून ठेवलेली असते आणि वीज मिळाली नाही की तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगातल्या संस्थेचं जे मानक आहे, त्यात लिहून-लिहून पूर्ण वापर झालेल्या ड्राईव्हने वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नव्या ड्राईव्हची यापेक्षा बरीच जास्त टिकते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये माळ्यावर किती अंश असतात ते सांगायला नको. रोजच्या कामाला एसएसडी झकास. पाच-पाच वर्षं न बघता ठेवायला नाही.

आता @तिसरा मजला. नॅस वाईट नाही, मी स्वतः वापरतो. पण 'एकीची दुसरीवर आपोआप नक्कल' म्हणजे बॅकअप नव्हे. ती रेड (RAID, वरच्या रेड मालिकेशी संबंध नाही). एक डिस्क मेली तर काम थांबू नये एवढ्यासाठीच ती असते. तुमच्या लेकराने चुकून फोल्डर उडवला की त्याच क्षणी तो दोन्हींवरून उडतो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हींवर. खोक्याचा वीजपुरवठा जळताना व्होल्टेज वर गेलं तर दोन्ही डिस्क एकदम.

आणि नॅस इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाईव्ह नावाचे जुने खोके बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रीसेट केले. लोक सकाळी उठले तर डिस्क कोरी. त्या मॉडेलचे अपडेट २०१५ नंतर बंद होते. पुढे २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅप कंपनीच्या नॅसच्या खोक्यांवर डेडबोल्ट नावाच्या व्हायरसचा हल्ला झाला, फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. राऊटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून 'ऑफिसातून घरचे फोटो बघतो' असं मिरवणारे तेव्हा सगळे एकदम गप्प झाले होते.

तिसरा मजला

@रात्रपाळी, अहो, बॅकअप नाही हे मान्यच आहे. नॅसला यूएसबीने एक बाहेरची डिस्क जोडलेली असते, रात्री तिच्यावर जुन्या आवृत्त्यांसकट प्रत जाते. ते लिहायचं राहिलं.

मिनिमल मावशी

मला एक कळत नाही. अडीच टीबी बघणार कोण? आमच्याकडे लग्नाचे ३६ फोटोंचे दोन रोल आहेत आणि त्यातला प्रत्येक फोटो मला तोंडपाठ आहे. तुमच्या अडीच टीबीत एकाच मोदकाचे अठरा फोटो असतील. आधी पुसा, मग साठवा.

कडीपत्ता

मावशी, मोदकाचे अठरा नाहीत, पण एकाच सूर्यास्ताचे नक्की आहेत. मुद्दा पोचला.

@रात्रपाळी, टक टकवाली डिस्क काल रात्रीच काढून ठेवली. तिच्यात लेकीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो आहेत आणि ते दुसरीकडे असल्याचं आठवत नाही. बायकोला सांगितलं. त्यानंतर घरात शांतता आहे.

अण्णा फोटोवाले

आमच्या धंद्यातलं सांगतो, पटलं तर घ्या. लग्नाचं काम असतं, फेरे परत घेता येत नाहीत. कॅमेऱ्यात दोन कार्ड, दोन्हींवर एकदम लिहिलं जातं. घरी आलो की डेटा आधी कॉम्प्युटरवर, तिथून दुसऱ्या डिस्कवर, आणि दोन्हीकडचे पाच-दहा फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, लाईट नंतर.

गिऱ्हाइकाला पेनड्राईव्ह देतो तेव्हा बजावून सांगतो की हा फक्त नेण्यापुरता आहे, घरी गेल्यावर दोन ठिकाणी काढून घ्या. कुणी घेत नाही. चार-पाच वर्षांनी फोन येतो, 'अण्णा, तुमच्याकडे असेल ना हो?' असतं बहुतेक वेळा. पण मी काय त्यांचं कपाट आहे का?

आणि हो, पावसाळ्यात डिस्क, लेन्स, सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या गुलाबी झाल्या की तव्यावर हलक्या भाजून पुन्हा निळ्या करायच्या. तवा मात्र वेगळा ठेवा, स्वयंपाकातला नको. त्या निळ्या रंगातलं रसायन पोटात जाणं चांगलं नाही.

वाशिष्ठीकाठ

इथे सगळे डिस्क कुठली घ्यावी ते बोलताहेत, ती कुठे ठेवावी यावर कुणी बोलत नाही. म्हणून लिहितेय.

आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या बाजूला. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही दोन म्हातारी माणसं आणि गॅसचं सिलिंडर वर नेण्यात होतो. फोटो कुणाच्या डोक्यात येणार? कॉम्प्युटर, त्यामागे ठेवलेली बॅकअपची डिस्क आणि त्याच कपाटातले छापील अल्बम, सगळं एकाच खोलीत. म्हणजे प्रती दोन होत्या, पण पाणी एकच आलं.

वाचलं ते असं. नणंदेच्या मुलाने रत्नागिरीला साखरपुड्याचे व्हिडिओ बघायला म्हणून एक डिस्क नेली होती आणि आळसाने परत आणून दिली नव्हती. तिच्यात २०१८ पर्यंतचं सगळं होतं. इतकी वर्षं त्याला त्याबद्दल बोल लावत होतो.

दोन गोष्टी सांगून ठेवते, कुणावर वेळ येऊ नये. चिखलात गेलेली डिस्क सुकवून, लावून बघायची नाही. बाहेरून सुकली तरी आत गाळ असतो, फिरली की तबकडी खरवडते. आणि ओले अल्बम तसेच उन्हात ठेवायचे नाहीत. फोटो एकमेकांना चिकटून वाळले की पुढे सुटत नाहीत. ओले असतानाच एकेक अलगद सोडवून स्वच्छ गार पाण्यातून काढायचे आणि चित्राची बाजू वर करून पसरायचे. आमचे बरेचसे असेच वाचले. दोऱ्या बांधून वाळत घातले होते, अख्खं खानदान गॅलरीत लटकत होतं.

खोपा

@वाशिष्ठीकाठ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. धाग्याचा प्रश्नच यामुळे थोडा बदलतो.

रात्रपाळी

+१. यालाच तीन-दोन-एक म्हणतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हा नियम रूढ केला : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नियम सगळे सांगतात, घराबाहेरची प्रत कुणी करत नाही. कडीपत्ता, तुमचे आई-बाबा साताऱ्याला आहेत ना? मग तुमचा अर्धा प्रश्न सुटलेला आहे.

बे एरियातला बंड्या

म्हणजेच क्लाउड! घराबाहेरच नव्हे, देशाबाहेर.

रात्रपाळी

क्लाउडला माझा विरोध नाहीच. दोन गोष्टी लक्षात घ्या. गूगल फोटोज हे मुळात सिंक आहे. फोनवर 'जागा करायची' म्हणून त्या ॲपमधून फोटो उडवला की तो वरूनही जातो. कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतो, मग राम. 'डिव्हाइसवरची जागा मोकळी करा' हा पर्याय वेगळा, तो फक्त फोनवरचा काढतो. निम्म्या लोकांना या दोहोंतला फरक माहीत नसतो.

दुसरं म्हणजे वेळ. तुमच्या फायबरचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस धरला तरी एक टीबी वर चढवायला सलग ५५ तास. अडीच टीबी म्हणजे जवळजवळ सहा दिवस, लाईट न जाता. आणि दोन टीबीच्या प्लॅनमध्ये अडीच बसत नाही, हे कुणी मोजलेलं दिसत नाही.

खोपा

गूगलवाल्यांसाठी एक बारकी गोष्ट. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो तुमच्या कोट्यात धरले जात नाहीत. तेव्हा आवराआवरीच्या नादात ते उतरवून, पुसून परत चढवू नका. परत चढवले की मोजले जातात. मात्र ते आवळलेले आहेत, १६ मेगापिक्सेलच्या वरचे लहान केलेले. मूळ फोटो त्या डीव्हीडींवर असतील तर डीव्हीडी फेकू नका.

आणि सगळं उतरवून घ्यायचं ठरवलंत तर गूगलचीच टेकआउट ही सोय वापरा, पण झिपचा आकार आधी ५० जीबी करा. नाहीतर दोन-दोन जीबीचे तुकडे मोजत बसाल. फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या फायली येतात, त्या कचरा समजून उडवू नका. तुम्ही गूगलमध्ये दुरुस्त केलेली तारीख, जागा, खाली लिहिलेली ओळ, सगळं त्यांच्यात असतं. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने ते परत फोटोत घालता येतं.

चकटफू

डीव्हीडी म्हटल्यावर आठवलं, मोझर बेअरच्या पन्नासच्या डब्यात आमच्या दादाने अख्खं कॉलेज जीवन भरून ठेवलंय. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, डबा अजून आहे. त्यात पोळ्या ठेवता येतात का, असं वहिनी विचारते.

रात्रपाळी

डबा घ्या, डीव्हीडी द्या म्हणावं. जी डीव्हीडी लॅपटॉपच्या बारक्या ड्राईव्हमध्ये वाचली जात नाही, ती कित्येकदा जुन्या डेस्कटॉपच्या ड्राईव्हमध्ये वाचली जाते. दोन-तीन ड्राईव्ह बदलून बघितल्याशिवाय मेली असं जाहीर करायचं नाही. सर्वात कमी वेगाने वाचायला लावा. कडीपत्ता, तुमच्या लेकीचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो तेव्हाच्या डीव्हीडींवर असण्याची शक्यता बरीच आहे, आधी ती चळत बघा.

अबोली

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. तिसरा मजला यांचा प्रतिसाद वाचला आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या नवऱ्याने असाच नॅस लावला होता. सगळं आपोआप, मला काही करावं लागायचं नाही, हे तोही कौतुकाने सांगायचा. तो गेल्याला आता बराच काळ झाला. टीव्हीखाली खोका आहे, हिरवा दिवा लागतो, पासवर्ड कुणाला माहीत नाही. भाच्याने डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली तर 'फॉरमॅट करायची का' असं विचारायला लागली. नशिबाने त्याने नको म्हटलं. त्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही म्हणे. नंतर लिनक्स जाणणाऱ्या एका मुलाने दोन संध्याकाळ बसून सगळं काढून दिलं. आता फोटो साध्या डिस्कवर आहेत. त्या डिस्कवर मी स्वतः पट्टी चिकटवली आहे.

तेव्हा कडीपत्ता, जे काही घ्याल ते तुमच्या पत्नीला एकदा तुम्ही घरात नसताना उघडायला लावा.

तिसरा मजला

अबोलीताई, वाचून गप्प झालो. आज घरी जाऊन बायकोच्या नावाने दुसरं ॲडमिन खातं उघडतो आणि पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवतो.

बे एरियातला बंड्या

क्लाउडमध्येही हे करून ठेवता येतं, लगेच करा. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवून त्याला फोटो उतरवून घेता येतात. ॲपलने २०२१ च्या शेवटी 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणला, त्यात त्या माणसाला एक कळ मिळते, ती छापून ठेवायची. नाही केलं तर दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं पुसलं जाऊ शकतं, हा नियम २०२३ पासून आहे.

काडीबहाद्दर

धाग्याला गंभीर वळण लागलंय, काडी परत खिशात घातली.

कडीपत्ता

मंडळी, सापडले! रात्रपाळींनी सांगितलं तसं शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर डीव्हीडी लावल्या. तीन-चार अजिबात वाचल्या जात नाहीत, बाकीच्या रडतखडत चालल्या. लेकीचं बारसं, पहिला वाढदिवस, उष्टावण, सगळं मिळालं. दुसऱ्या वर्षाचा काही भाग नाही, तो टक टकमध्येच असावा. ती रिकव्हरीवाल्याकडे देतोय, तो आधी बघून मग पैसे सांगणार आहे.

आता मूळ प्रश्न परत. नॅस की नाही?

अण्णा फोटोवाले

नको. तुमच्याकडे रोज डेटा येतो कुठे? दोन डिस्क घ्या. बेताचं ज्ञान असलेल्या माणसाने बेताचंच सामान घ्यावं. (हलके घ्या.)

तिसरा मजला

अण्णा, डिस्क रोज हाताने जोडून प्रत काढणार कोण? पहिले दोन महिने उत्साह, मग 'पुढच्या रविवारी'. नॅसचा खरा फायदा हाच की तो कंटाळत नाही. इमिच नावाचं गूगल फोटोजसारखं मोफत ॲप आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याची स्थिर आवृत्ती आली.

रात्रपाळी

इमिच उत्तम आहे, पण बँकेतल्या माणसाला डॉकर (इमिच ज्यावर चालवतात ती यंत्रणा) शिकवू नका हो.

माझं म्हणणं सांगतो. तिघांच्या फोनवरचं चालू वर्षाचं गूगलमध्ये आपोआप जाऊ दे, त्याला आहे तो १०० जीबी पुरेल, जुने मोठे व्हिडिओ तिथून काढल्यावर. मूळ संग्रहासाठी चार टीबीच्या दोन साध्या पोर्टेबल डिस्क, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच जातीच्या दोन घेतल्या तर आजारही एकच निघू शकतो. बॅकब्लेझ नावाची कंपनी आपल्या हजारो डिस्कचा हिशेब दर वर्षी जाहीर करते. २०२३ मध्ये वर्षाला १.४० टक्के मेल्या. ऐकायला कमी वाटतं, पण मॉडेलनुसार आकडा बराच वरखाली होतो. शिवाय त्यांच्या डिस्क थंड खोलीत पडून असतात, तुमची टेबलावरून पडते.

एक डिस्क पुण्यात, एक साताऱ्याला. दिवाळीला जाताना पुण्याची घेऊन जा, तिथली घेऊन या. म्हणजे दोन्ही आलटून पालटून भरल्या जातात. प्रत काढायला फ्रीफाईलसिंक नावाचा प्रोग्रॅम, त्यात 'मिरर' न निवडता 'अपडेट' निवडा, नाहीतर इथलं चुकून उडलेलं तिथूनही उडेल. डिस्कवर चार टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ३.६३ दाखवतं, दुकानदाराशी भांडू नका. मोजण्याची रीत वेगळी आहे, इतकंच.

वीस-बावीस हजारांत होईल. उरलेल्यात रिकव्हरीवाला बसवा.

खोपा

आणि फोल्डरची नावं! '२०१४-०५-११ मामाकडे' अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपोआप क्रमाने लागतात. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'सगळे आई फोन' असलं काही नको. डुप्लिकेट शोधायला डिजीकॅम किंवा डुपगुरू हे प्रोग्रॅम, पण यंत्राला पुसायला सांगू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायला सांगा आणि महिनाभराने बघा.

मिनिमल मावशी

आणि त्यातले शंभर निवडून छापून घ्या. चार टीबी संपूर्ण कोसळलं तरी अल्बम उघडायला पासवर्ड लागत नाही.

वाशिष्ठीकाठ

वरच्या मजल्यावर ठेवा म्हणजे झालं.

कडीपत्ता

ठरलं. दोन डिस्क, पुणे-सातारा. बायकोशी बोललो, ती म्हणाली फोल्डरची नावं मी देणार, कारण मला तारखा आठवतात आणि तुला नाही. टीव्हीचं काय करायचं मात्र राहिलं. डिस्कच टीव्हीला लावली तर?

अण्णा फोटोवाले

मूळ डिस्क टीव्हीला कधीही लावू नका. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी म्हणून 'डिस्क तयार करू का' असं विचारतात, आणि तुमचे बाबा रिमोटवर ओके दाबतील. डिस्क कोरी. बाबांसाठी १२८ जीबीचा वेगळा पेनड्राईव्ह भरा, त्यात निवडक फोटो. आयफोनचे हेइक (HEIC) प्रकारचे फोटो बऱ्याच टीव्हींना कळत नाहीत, ते जेपेग करून टाका.

चकटफू

त्या पेनड्राईव्हवर मोदकाचा एक तरी ठेवा.

पडवी

धागा वाचनखूण म्हणून साठवला. अवांतर विचारू का? आमच्याकडे लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, १९९४ ची. व्हीसीआर नाही. कुठे करून मिळेल?

अण्णा फोटोवाले

व्हीसीआर बनणं २०१६ सालीच थांबलं, आता आहेत ते जपून वापरलेले. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे अजून सापडतात, जवळच्या शहरात विचारा. देण्याआधी झाकण उचलून टेपकडे उजेडात बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट लावली तर तुमची टेप फाटते आणि त्याच्या मशीनचं डोकंही खराब होतं, म्हणून आधी साफ करणारा माणूस शोधा. एमपी४ बरोबर कमी आवळलेली मोठी फाईलही मागून घ्या. कॅसेट परत आणा, फेकू नका.

खोपा

@पडवी, यावर वेगळा धागा काढा ना. माझ्याकडेही अशा चार आहेत, आणि इथे दिलेली उत्तरं नंतर कुणाला सापडणार नाहीत.